डाव्या टाचेवरचे ठिपके

बुधवार, ३ जानेवारी १९७३

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत, फक्त मंडळासाठी —

टांगता काटा, दहा किलोचा. स्प्रिंग मोडीत निघालेल्या मागाची, तबकडी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची, काटा सायकलच्या स्पोकचा. आकडे हाताने रंगवलेले.

झोळी, मांजरपाटाची, पाय बाहेर काढायला दोन भोके, शिवण दुहेरी. (ही म्हणते शिवण तिची. टाके तिचे, बेतली मी.)

तपासणीची वाळूची पिशवी. बरोब्बर पाच किलो, तोंड लाखेने बंद.

कार्डे पन्नास, रेघा सगळ्या हाताने मारलेल्या.

सागवानी पेटी. आत प्रत्येक वस्तूला तिचा खण.

विकत घेतले ते फक्त कुलूप. आणि तबकडीवर आठ किलोच्या आकड्यावर तांबडी रेघ आहे — रंग विकतचा, रेघ माझी!

ही यादी कोणाला दाखवायची नाही, पण लिहून ठेवलेली बरी. चौथीनंतर शाळा सुटली. इंग्रजी आकडे काट्यांच्या पाट्यांवरून शिकलो. स्प्रिंगचे गणित कोणी शिकवले नाही. सतरा वर्षे मंगळवार पेठेत काटे-तराजू दुरुस्त करतोय. दर साली वजनमापे खात्याचे निरीक्षक येतात. काटा सरळ करतो मी, छाप मारतात ते. बी.एस्सी. आहेत. असू देत.

नोव्हेंबरात बालसाह्य मंडळाचे आठल्ये साहेब दुकानात आले, पुण्याहून आणलेला मोडका काटा घेऊन. दुष्काळी गावांत लहान मुलांना सुकडी वाटायची, आणि ती अंगी लागते की नाही हे वजन करून पाहायचे, हे मंडळाचे काम. काटा उघडून पाहिला. म्हटले, साहेब, हा दुरुस्त करण्यापेक्षा नवा करून देतो. दिला. मग म्हणाले, मिस्त्री, वजनेही तुम्हीच घ्या, दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही.

तेव्हापासून एकाआड एक गुरुवार कल्लूरवाडीचा. दुधनीपर्यंत पॅसेंजर, पुढे सहा मैल भाड्याची सायकल, मागे पेटी बांधून. वर्ष ते दोन वर्षांची मुले, सुरुवातीला पन्नास. नियम सोपा. काटा तांबड्या रेघेच्या अलीकडे थांबला — पंधरा दिवसांची सुकडी. पलीकडे गेला — नाव कमी. पीठ मोजके, ते गरजेच्या तोंडीच जावे. रेघेची कल्पना माझी! केंद्रावरच्या केराबाईला अक्षर येत नाही, पण रेघ दिसते की. साहेबांनी पाठ थोपटली. एकदा कमी केलेले नाव पुन्हा घ्यायचे नाही, हेही मीच सुचवले. नाहीतर कार्डांवर नुसती खाडाखोड होते.

गुरुवार, ४ जानेवारी

एक्केचाळीस वजने. साडेनऊ ते दीड. दर दहा मुलांमागे वाळूची पिशवी टांगून तपासले. पाच किलो म्हणजे पाच किलो, केसभर इकडे-तिकडे नाही.

गुरुवारी खडी फोडायचे काम बंद, त्यामुळे बायका सगळ्या असतात. काटा चावडीपुढच्या लिंबाच्या फांदीला. थंडी मरणाची. मुलांच्या अंगावरचे सगळे उतरवायला लावतो, कुंची तेवढी डोक्याला राहू देतो आणि तिचे सरसकट पन्नास ग्रॅम वजा करतो. माझी पद्धत ठरलेली — मूल झोळीत घालायचे आईने, मी तबकडीसमोर बसून फक्त काटा बघायचा. मुलाकडे बघायचे नाही. तोंड पाहिले की माणूस पाघळतो, आणि पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे होतात.

सोजरबाई म्हणून एक आहे, जीभ मिरचीची. म्हणाली, "मिस्त्री, पोरगं हाय आमचं. भुसार न्हाय टांगून घ्यायला!" सगळ्या हसल्या. मी म्हटले, भुसार असता तर भावही सांगितला असता बाई. त्यावर कोणी हसले नाही.

बसव्वा दिसली नाही. शरणीला कडेवर घेऊन एरवी पहिला नंबर तिचा. केराबाईला विचारले तर ती माझ्याकडेच बघत राहिली. "तिचं नाव तुमीच कापलंय की! गेल्या खेपंला. शरणी रेघंच्या पल्याड गेली न्हवं?"

खरेच. एकवीस डिसेंबर, आठ किलो शंभर. त्या दिवशी नऊ नावे कमी झाली. नियम तो नियम.

शनिवार, ६ जानेवारी

कार्डांवरून मोठ्या वहीत आकडे उतरवताना हात थांबला. सहा किलो आठशे पन्नास. पुढच्या कार्डावर पुन्हा सहा आठशे पन्नास. मोजली — नऊ कार्डे! दोन ठिकाणी पंचवीस ग्रॅमचा फरक, बाकी तंतोतंत. एका वेलीचे दोन दोडके सारखे भरत नाहीत. आणि यातली आठ मुले पंधरवड्यापूर्वी साडेसात-पावणेआठची होती. म्हणजे एकदम घसरली, आणि घसरून सगळी एकाच आकड्यावर येऊन थांबली?

काटा अडकत असणार.

माझा काटा!

रविवार, ७ जानेवारी

दुकान बंद. काटा पूर्ण उघडला, स्प्रिंग रॉकेलने धुतली, पुन्हा बसवला. मग घरातल्या अठरा वस्तू आधी दुकानच्या तराजूत, मग यात. वरवंटा, खलबत्ता, पितळी घागर रिकामी, घागर पाणी घालून, शेजारचे मांजर. ही दारात उभी. म्हणाली, "वरवंटा झाला, मांजर झालं. आता मलाच टांगा!"

दहा किलोच्या पुढे जात नाही म्हटले तर फुरंगटून आत गेली.

अठरापैकी अठरा बरोबर. काटा निर्दोष आहे. मग दोष कोणाचा?

मंगळवार, १६ जानेवारी

नऊ मुले, एक आकडा. जेवतानाही तेच. गेल्या गुरुवारी शेजारचे मांजर पुन्हा तोलून पाहिले, तेवढेच भरले.

गुरुवार, १८ जानेवारी

आज मुद्दाम दर पाच मुलांमागे पिशवी टांगली. सोजरबाई म्हणाली, "त्या पिशवीचं बी नाव घाला की कार्डावर. सुकडी मिळंल तिला." दुर्लक्ष केले.

सात किलो दीडशे. अकरा वेळा!

काटा खोटे बोलत नाही, हे आता मी कोणापुढेही सांगेन. पण तो काय सांगतोय ते मला कळत नाही, एवढे मात्र खरे.

शनिवार, २७ जानेवारी

साहेबांचे पत्र आले. मंडळाच्या सगळ्या केंद्रांत कल्लूरवाडीची प्रगती सर्वांत चांगली! "जी मुले घसरली होती तीच पंधरा दिवसांत तीनतीनशे ग्रॅमने वर आली, हे विशेष." मार्चमध्ये पाहुणे येणार, त्यांना हेच केंद्र दाखवणार. आणि पुढे तीस गावांत हाच काटा, हीच कार्डे, हीच तांबडी रेघ.

तीस गावे! पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा हिला वाचून दाखवले.

दुपारी चौकटीच्या कागदावर त्या अकरा मुलांची जानेवारीची वजने मांडली. एकेका मुलाची एकेक रेघ काढत गेलो. नऊ रेघा एकावर एक बसून एकच जाड रेघ झाली, उरलेल्या दोन शेवटी तिलाच येऊन मिळाल्या. पेन्सिलीचे टोक मोडले.

हिला दाखवले. तिने कागद उलटा धरला, सुलटा धरला. म्हणाली, "दिसायला कशी आहेत ही पोरं?"

म्हटले, मी पोरांकडे बघत नसतो. पद्धत आहे ती.

"अगंबाई," म्हणाली, आणि ताट घेतले वाढायला.

बुधवार, ३१ जानेवारी

उपाय सुचला. वजनांना छाप मारतात ती कशासाठी? तपासलेले कोणते आणि न तपासलेले कोणते हे कळावे म्हणून. मुलांनाही छाप मारीन. जांभळी कॉपिंग पेन्सिल, टोक जिभेला लावले की ठिपका पक्का. डावी टाच. झोळीच्या भोकातून पाय माझ्यासमोरच लोंबतो.

गुरुवार, १ फेब्रुवारी

घडले तसे लिहितो. घाई करायची नाही.

पहिले मूल — ठिपका. दुसरे, तिसरे — ठिपका. चौथे — सात किलो चारशे पन्नास, ठिपका. पाचवे, सहावे नेहमीसारखी. सातवे मूल झोळीत आले, पाय खाली आला, पेन्सिल टाचेजवळ नेली. टाचेवर ठिपका होता.

हात तसाच राहिला. काटा पाहिला — सात किलो चारशे पन्नास.  पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा काढला. आणि वर पाहिले.

डिसेंबरपासून पहिल्यांदा वर पाहिले.

हिरवी कुंची, गालाला काजळाची तीट, खाली दोन दात. माझ्याकडे बघून हसला. ओळखीचे हसू! का नाही हसणार? मी त्याला चोविसाव्यांदा तोलत होतो.

मग तो येतच राहिला. तांबड्या कुंचीत आला, ठिगळाच्या कुंचीत आला. एकदा कपाळाला भंडारा होता. दोनदा हातात काचेच्या बांगड्या — कार्डावर मुलगी लिहिलेली! आठव्यांदा पंचवीस ग्रॅम जास्त भरला, तोंडात भाकरीचा तुकडा होता. नवव्यांदा पन्नास ग्रॅम कमी. झोळी ओली. तो पंचवीस-पन्नासचा फरक ज्याने माझी झोप उडवली होती, तो हा!

शेवटी डाव्या टाचेवर अकरा ठिपके. द्राक्षाच्या घोसासारखे.

बायका पांगल्यावर पेटी भरली. केराबाई झाडत होती. विचारले, केराबाई, टाचेवर अकरा ठिपके असलेला मुलगा कोणाचा?

झाडू थांबला. तिने पदर तोंडाला लावला, आणि मग तिला हसू आवरेना. "शेवटी वर बघितलं म्हना की मिस्त्रींनी!"

मुलगा इमामबीचा. नाव गैबी. इमामबी चावडीच्या मागेच बसली होती, त्याला पाजत. घाबरली नाही. म्हणाली, "क्या करते मिस्त्रीसाब. सबके नाम से झूलता मेरा बच्चा. सबके घर का खाता." खरे आहे ते. ज्या घराने त्याला नेले, ते घर आपल्या सुकडीतली एक मूठ रोज त्याला देते. दहा घरे, दहा मुठी. म्हणून पंधरवड्याला तीनशे ग्रॅम! मंडळाची सर्वांत चांगली प्रगती.

तेवढ्यात सोजरबाईही आली. तिच्या मुलाच्या कार्डावर गैबी तीनदा झुललाय. मी म्हटले, बाई, ही लबाडी आहे.

"व्हय, लबाडी हाय," म्हणाली. "बसव्वानं खरं पोर आनलं. हासत आनलं — बघा मिस्त्री, आमची शरणी कशी बाळसं धरती! काय दिलं तिला? नाव कापलं. मग आमी शाने झालो."



"त्यात आता गैब्या बी रेघंला टेकाय आलाय," केराबाई म्हणाली. "दोन खेपा आनिक. त्यो पल्याड गेला की अकरा घरची सुकडी एका दमात बंद. मग ह्या बायांनी काय करायचं?"

सोजरबाई म्हणाली, "दुसरं बारीक पोर बघून ठेवलंय की."

कोणाचे, विचारले.

 मग केराबाईच म्हणाली, "बसव्वाची शरणी. ती आता लई बारीक झालीया."

पेटी पुन्हा उघडली. काटा घेऊन बसव्वाच्या घरी गेलो. दाराच्या चौकटीला टांगला. बसव्वाला मराठी मोडके-तोडके येते. एवढेच म्हणाली, "नाव न्हाय आता आमचं, अण्णा. कशाला मोजता?"

या वेळी आधी मुलीकडे पाहिले. नंतर काट्याकडे.

सहा किलो नऊशे पंच्याहत्तर. आठ शंभरवरून. बेचाळीस दिवसांत अकराशे पंचवीस ग्रॅम.

पिशवी टांगून तपासायची गरज वाटली नाही.

शनिवार, ३ फेब्रुवारी

स्वच्छ मांडून बघतो.

मंडळाचा नियम: लबाडी आढळली तर केंद्र बंद. म्हणजे मी खरे कळवले तर कल्लूरवाडीची सुकडी बंद. खऱ्या बारीक मुलांचीही.

गप्प बसलो तर एक मार्चला गैबी रेघ ओलांडतो, आणि त्याच्या जागी शरणी झुलायला लागते. दहा घरच्या मुठी खाऊन तीही वर येईल. मग तिसरे मूल. आणि तीस गावांत माझी रेघ. तीस गावांत पहिली खरे बोलणारी बाई नाव गमावणार, बाकीच्या शहाण्या होणार.

सुकडीने मूल रेघेवर आले, म्हणून सुकडी बंद. बंद झाली, म्हणून मूल रेघेखाली. खाली आले तर नाव परत नाही, कारण कार्डावर खाडाखोड होते! कार्डे सुंदर आहेत माझी. अजून एकावरही डाग नाही.

हिला सगळे सांगितले. गैबीच्या बांगड्यांपर्यंत हसली. शरणीपाशी आल्यावर हसली नाही. म्हणाली, "मांजरसुद्धा तुम्ही चार दिवसांनी पुन्हा तोललं होतं."

रविवार, ११ फेब्रुवारी

काल आणि आज कल्लूरवाडी. रात्री दुधनीला मुक्काम केला. घरोघर जाऊन वजने घेतली. पन्नास मुले, सगळी. कुंची काढून. तोंड बघून, आईला नाव विचारून.

सुरुवातीला दारे उघडेनात. सोजरबाई पुढे झाली — "उघड ग, मिस्त्री पोरं बघाय लागलाय आता!" तिचा स्वतःचा मुलगा आठ किलो सहाशे. मांडीला वळ्या. तिने मान ताठ करून झोळीत घातला, जणू काही चोरीचा माल हजर करतेय. पण डोळ्यांत अभिमान मावत नव्हता. दीड महिना हे पोर तिने माझ्यापासून लपवून ठेवले. किती दाखवावेसे वाटले असेल!

आकडे: गैबीच्या आड राहिलेली दहा मुले — सात रेघेच्या वर, तीन खरोखर खाली. रेघेने कमी केलेली नऊ — आठ पुन्हा खाली. एक टिकली, त्या घरी शेळी आहे.

हे शेळीचे पाहण्यासारखे आहे. आणखी किती घरी शेळ्या? पुढच्या वेळी विचारायचे.

निघताना सोजरबाई सायकलच्या आडवी उभी. "मिस्त्री, पुन्याला लिव्हनार?"

म्हटले, लिहिणार.

"मग सुकडी बंद व्हनार."

म्हटले, ठाऊक नाही. होईलही.

 म्हणाली, "गोड बोलाय येत न्हाय तुमाला, एवढं बरं हाय." आणि बाजूला झाली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण. नऊ पाने, दोन तक्ते. चौदा वेळा वाचला. केराबाईचे काय लिहावे यावर दोन तास गेले. शेवटी लिहिले — "केराबाई यांना हे ठाऊक होते. मी विचारले नाही, तोवर त्यांनी सांगितले नाही. विचारल्यावर लपवले नाही." एवढेच खरे आहे.

शेवटचे वाक्य: "काटा बरोबर आहे. रेघ चूक आहे. रेघ माझी आहे."

रजिस्टरने पाठवला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज प्रत्येकीने आपले मूल आणले. कोणी सांगितले नव्हते. सोजरबाईने पोराला झोळीत ठेवले आणि म्हणाली, "घ्या. आमचं भुसार."

आठ किलो सहाशे पन्नास. रेघेच्या कितीतरी पलीकडे. सगळ्या माझ्या हाताकडे बघत. नियमाने नाव कमी करायचे. एक नाही, सात. साहेबांचे उत्तर यायला आठवडा तरी जाणार.

गैबी झोळीत नव्हता. इमामबीच्या कडेवरून मला बघून हसत होता. आज त्याचे एकदाच वजन झाले. सात सातशे पन्नास. त्याला चुकल्यासारखे वाटले असावे, पुन्हा झोळीकडे हात करत होता.

खिशातून चाकू काढला. तबकडीवरची तांबडी रेघ खरवडली. रंग चांगला होता, सहज निघेना. चार-पाच मिनिटे लागली.  खाली तुपाच्या डब्याचा पत्रा चमकला.

केराबाईने विचारले, "आता कुनाला द्याची?"

म्हटले, आहे तोवर सगळ्यांना.

बसव्वा कोपऱ्यात होती. तिच्या कार्डावर मी नाव खोडले होते, ते तसेच ठेवून खाली पुन्हा लिहिले. खाडाखोड. दिसते वाईट.

सोमवार, १९ फेब्रुवारी

पुण्याहून पत्र. विशेष काही नाही. उलट टपाली कार्ड टाकले, रेघ खरवडल्याचेही त्यातच कळवले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

साहेब स्वतः दुकानात. जीप दाराशी, पेठेतली निम्मी पोरे जीपला लोंबकळलेली.

बसले नाहीत. "मिस्त्री, तुमचं कार्ड मिळालं. मी विचारतो, तुम्हांला झालंय काय? पाहुणे दहा दिवसांवर आलेत! कुणाला विचारून रेघ खरवडलीत?"

म्हटले, मारलीही कुणाला विचारून नव्हती.

"तुम्ही काटे दुरुस्त करा. मंडळाचे नियम दुरुस्त करायला आम्ही आहोत."

म्हटले, साहेब, काटाच दुरुस्त केलाय. त्यावर जे नको होते ते काढले.

चिडले. म्हणाले, गाव लबाड आहे, केंद्र बंद करावे लागेल. मी वाद घातला नाही. मोठी वही उघडून बसव्वाचे पान त्यांच्यापुढे ठेवले. पाच आकडे. वर जाणारे दोन, मग रिकामी जागा, मग खाली पडलेला एक, मग दोन. म्हटले, या गावातली सर्वांत खरी बाई ही. तिला आपण काय दिले ते बघा.

 रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं वजन का नाही?"

म्हटले, नाव कमी केल्यावर मोजायचे नाही, असा नियम होता.

वही मागितली. मी वही कोणाला देत नाही. दिली.

गुरुवार, १ मार्च

साहेब कल्लूरवाडीला आले. पाहुण्यांशिवाय. झाडाखाली माझ्या जागेवर बसले. शरणीला झोळीत घातले तशी त्यांची मान तबकडीकडे वळली. सगळ्यांची तशीच वळते. मी म्हटले, साहेब, आधी हिच्याकडे बघा. मग काट्याकडे.

बघितले. शरणीने त्यांचा चष्मा ओढला.

सात किलो चारशे. अजून बारीकच आहे, पण ओढायला जोर आहे!

सोजरबाईने साहेबांना पाणी दिले आणि म्हणाली, "सायेब, तुमी बी बसून बघा एकदा झोळीत. कसं वाटतं ते कळंल." साहेब हसले. पुण्याची माणसे हसली की ओळखू येत नाहीत.

शनिवार, १० मार्च

लेखी आले. कल्लूरवाडीचे केंद्र पावसाळा संपेपर्यंत चालू. पाच वर्षांखालच्या सर्व मुलांना सुकडी. वजन घ्यायचे ते फक्त कळण्यासाठी, नाव कमी करण्यासाठी नाही. केंद्रातून गेलेल्या मुलाचेही दोन महिने वजन घ्यावे — हे वाक्य माझ्या अहवालातून जसेच्या तसे उचललेय! तीस गावांत रेघ नाही. केराबाई कामावर कायम.

आणि तीस गावांवर मंडळाने निरीक्षक नेमला. पुण्याचा आहे, बी.एस्सी. कल्लूरवाडीची वजनेही यापुढे तोच घेईल. मिस्त्रींनी काट्यांची देखभाल तेवढी पाहावी.

हिने विचारले, "म्हणजे तुम्हांला काढलं?"

म्हटले, काट्यांची देखभाल हे काही कमी काम नाही. तीस काटे आहेत.

सोमवार, १२ मार्च

नवे निरीक्षक काटा समजून घ्यायला दुकानात आले होते. देवधर. बरे आहेत, प्रश्न विचारतात. झोळी, पिशवी, कार्डे सगळे दाखवले. ठिपक्यांची पेन्सिल दिली. शेळ्या मोजायला सांगितल्या. जाताना म्हणाले, ही जागा आधी दुसऱ्या कोणाला देऊ केली होती म्हणे, त्यांनी घेतली नाही. तुम्हांला माहीत आहे का कोण?

नाही म्हटले. हिलाही सांगितलेले नाही.

एकोणीस फेब्रुवारीचे पत्र पेटीत तळाच्या खणात आहे. हुद्दा निरीक्षक. गावे तीस. अट एकच — चौदा तारखेचा अहवाल मागे घ्यावा. चारशे पंचाहत्तर रुपये महिना.